तासावरचा शिक्का

चांदवड हे एके काळी टांकसाळीचे गाव होते. अठराव्या शतकात होळकरांच्या अमलात इथे रुपया पाडला जाई आणि चांदवडी रुपया म्हणून तो आसपासच्या मुलखात चाले. त्या नाण्यावर नाव असे दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे आणि टांकसाळीचे ठिकाण असे ‘जाफराबाद उर्फ चांदोर’. सत्ता होळकरांची, चांदी सावकाराची, आणि नाव मात्र अशा बादशहाचे की ज्याचा हुकूम सातमाळ्याच्या या डोंगरात कोणी ऐकत नव्हते. तरीही ते नाव लागे, कारण लोकांचा त्यावर विश्वास होता. तेवढ्याच वजनाचा चांदीचा तुकडा बाजारात रुपया म्हणून खपत नसे. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात गेला की सराफ तो वाजवून, घासून पाही आणि बट्टा कापून घेई. 1818मध्ये चांदवड इंग्रजांकडे गेले, टांकसाळ पुढे बंद पडली आणि 1835मध्ये कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखाला एकच रुपया लावला. चांदी होती तीच राहिली. शिक्का मारण्याचा अधिकार तेवढा एका जागी गेला.

ज्या मुंबई-आग्रा रस्त्यामुळे चांदवडला व्यापारी महत्त्व आले, त्याच रस्त्यावर आज एक वेगळा माल तयार होतो. राहुड घाट उतरून मालेगावच्या पुढे गेले की धुळे लागते आणि त्याच्या पुढे शिरपूर. दोन्ही ठिकाणी वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्या विकतात ते उड्डाणाचे तास. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे असे 200 तास लागतात. हा तास चांदीसारखाच आहे. तो कुठे, कोणत्या यंत्रात, कोणासमोर काढला आणि सरकारने तो मान्य केला का, यावर त्याची किंमत ठरते. नागरी विमान वाहतुकीतल्या प्रशिक्षणाचा आणि सिम्युलेटरचा, म्हणजे जमिनीवरच उड्डाणाचा आभास देणाऱ्या यंत्रांचा, बाजार यंत्रांच्या शोधातून उभा राहिला असे सहसा सांगितले जाते. मला तो इतिहास वेगळा दिसतो. यंत्रे आधी आली आणि कित्येक वर्षे गिऱ्हाइकाविना पडून राहिली. कोणत्या तासाला तास म्हणायचे हे सत्तेने ठरवले तेव्हा बाजार उभा राहिला, आणि ते तिने बहुतेक वेळा माणसे मेल्यावर ठरवले.

आपल्याकडची सुरुवातच पाहा. 1928च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि कराची इथे फ्लाइंग क्लब निघाले ते हौशी लोकांच्या वर्गणीवर तगले असते असे नाही. त्यांच्यामागे सरकारी अनुदान होते. साम्राज्याला टपालाचे हवाई मार्ग हवे होते आणि ते चालवायला माणसे. जुहूच्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लबची डी हॅविलंड मॉथ विमाने उडू लागली आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे. आर. डी. टाटांना इथला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. साडेतीन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन विमान आणले ते याच जुहूला. त्या काळात शिकवण्याचे साधन एकच, खरे विमान. शिकणारा एका खोबणीत, शिकवणारा दुसऱ्या खोबणीत, आणि चूक झालीच तर ती दोघांची.

त्याच 1929 सालात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक या तरुणाने जमिनीवरचे विमान तयार केले. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा त्याला हाताळायची सवय होती. तेच भाते त्याने लाकडी खोक्याखाली बसवले. आत बसून दांडा ओढला की एका भात्यातली हवा निघे, दुसऱ्यात भरे आणि खोके कलंडे, वळे, नाक वर करी. उडायला शिकवणाऱ्या शाळांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. लिंकचे हे यंत्र खपले ते जत्रेतल्या खेळांच्या मैदानात, पैसे टाकून बसण्याचे खेळणे म्हणून. मग 1934 आले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द करून ते काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. ढगात आणि अंधारात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. काही आठवड्यांत बाराएक वैमानिक मेले. तेव्हा लष्कराने लिंककडून 6 यंत्रे घेतली, प्रत्येकी सुमारे साडेतीन हजार डॉलरना. यंत्रात पाच वर्षांत काही चमत्कार झाला नव्हता. त्यात काढलेला तास शिक्षण म्हणून धरायला घेणारा तयार झाला, एवढेच घडले. पुढच्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे बनली.

नंतरची प्रगती थोडक्यात सांगता येते. 1948मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने बोइंग स्ट्रॅटोक्रूझर विमानाचा अख्खा कॉकपिट जमिनीवर उभारून घेतला. तो हलत नव्हता आणि खिडकीबाहेर काही दिसत नव्हते. साठच्या दशकात खिडकीत दृश्य आले तेही गमतीशीर मार्गाने. गावे, शेते, धावपट्टी यांची मोठी प्रतिकृती भिंतीवर रचायची आणि वैमानिकाच्या हाताबरहुकूम तिच्यावरून कॅमेरा फिरवायचा. मग संगणकाने काढलेली चित्रे आली आणि सहा पायांवर उभा राहून सहा तऱ्हांनी हलणारा चबुतरा आला. 1973च्या तेलसंकटाने खऱ्या विमानातला सरावाचा तास परवडेनासा केला. तरीही निर्णायक वर्ष मी 1980 मानतो. त्या वर्षी अमेरिकेच्या नियामकाने पायरीपायरीने ठरवून दिले की अमुक दर्जाच्या सिम्युलेटरवर तमुक शिक्षण पूर्ण धरले जाईल, आणि सर्वांत वरच्या दर्जाच्या यंत्रावर तर अनुभवी वैमानिक नव्या जातीच्या विमानाचे सगळे शिक्षण जमिनीवरच संपवून पहिल्यांदा खऱ्या विमानात बसेल तो प्रवासी घेऊनच. कॅनडातल्या सीएईसारख्या कंपन्यांचा आजचा पसारा या मान्यतेवर उभा आहे. एका सिम्युलेटरची किंमत कोट्यवधी रुपये. ती वसूल होते, कारण त्यातला तास विमानातल्या तासाच्या तोडीचा आहे असे कायदा म्हणतो.

इथे या यंत्राच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. सिम्युलेटर जागचा हलत नाही, मग धावपट्टीवर वेग घेताना पाठ खुर्चीला दाबल्यासारखे का वाटते? खोली हळूच मागे कलते. खिडकीतले दृश्य मात्र सपाट धावपट्टीचेच राहते. पाठीवर पडणारे वजन स्वतःच्याच शरीराचे असते, पण कानातल्या तोलाच्या इंद्रियाला कलणे आणि वेग घेणे यांतला फरक कळत नाही. डोळ्यांना जे दिसते त्यावर विसंबून मेंदू ठरवतो की आपण धावतो आहोत. म्हणजे सगळे यंत्र मानवी शरीराच्या एका दोषावर उभे आहे. आणि हाच दोष ढगात, रात्री, क्षितिज दिसेनासे झाले की वैमानिकाचा जीव घेतो. ज्या भ्रमाने माणसे मरतात त्याच भ्रमाचा वापर करून त्यांना शिकवणारे दुसरे यंत्र माझ्या माहितीत नाही.

त्या भ्रमाची सर्वांत दारुण साक्ष मुंबईकडेच आहे. 1 जानेवारी 1978 रोजी रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. समुद्रावर जाताच त्याने उजवीकडे वळण घेतले आणि पुन्हा सरळ झाले. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की कॅप्टनसमोरचे कल दाखवणारे उपकरण मात्र उजव्या कलावरच अडकून राहिले. बाहेर काळोख, खाली समुद्र, क्षितिजाची रेघ नाही. कॅप्टनने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे झुकवले, झुकवतच राहिला. समोर तिसरे, राखीव उपकरण होते. फ्लाइट इंजिनिअरचे लक्ष तिकडे गेलेही, पण वेळ उरला नव्हता. उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि 213 माणसे गेली. कॅप्टन अननुभवी नव्हता. हजारो तास त्याच्या खाती होते. पण हजारो तास म्हणजे हजारो वेळा नीट चाललेली उपकरणे. एकाने सांगितले खोटे आणि दुसरे सांगते खरे, तर दोन श्वासांत तिसऱ्याकडे पाहायचे, हा सराव खऱ्या आकाशात करताच येत नाही. तो करायला खोटे आकाशच लागते.

दुसरी साक्ष दिल्लीची. 1990नंतर आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले आणि वैमानिकांची एकाएकी चणचण भासू लागली. 8 मार्च 1994 रोजी सहारा इंडिया एअरलाइन्सचे बोइंग 737 प्रवाशांविना सरावासाठी दिल्लीच्या धावपट्टीवर टेकून पुन्हा उचलत होते. एक इंजिन बंद पडले तर काय करायचे, याचा धडा चालू होता. शिकाऊ हाताने पायाचा सुकाणू उलट्या बाजूला दाबला, विमान कलंडले आणि उभ्या असलेल्या एरोफ्लोटच्या विमानावर जाऊन पडले. विमानातले आणि जमिनीवरचे मिळून 9 जण मेले. एका इंजिनावर उडण्याचा हा धडा सिम्युलेटरवर रोज गिरवला जातो, चुकीचा पाय दाबला जातो, खोली गदगदते, पडदा लाल होतो, शिकवणारा मागच्या टेबलावरून बोट टेकवतो आणि विमान पुन्हा धावपट्टीच्या तोंडाशी उभे राहते. दिल्लीत जे नऊ जीव गेले ते एका अशा चुकीसाठी की जी फुकटात करता आली असती.

यावर जुन्या वैमानिकांचा एक आक्षेप असतो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ते म्हणतात, खोलीत बसलेल्याला ठाऊक असते की आपण मरणार नाही. भीती शिकवता येत नाही, ती आकाशातच भेटते. अमेरिकेने 2009च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर को-पायलटलाही साधारण 1500 तासांची अट घातली, ती याच विचाराने. पण त्या अपघाताची कागदपत्रे उलट बोलतात. त्या विमानातल्या दोघाही वैमानिकांकडे 1500हून जास्त तास होते. वेग कमी होऊन विमान गळपटू लागले तेव्हा दांडा आपोआप पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेविरुद्ध कॅप्टनने तो मागे ओढला, आणि ती यंत्रणा काय करते याचा प्रत्यक्ष सराव त्यांच्या सिम्युलेटर-शिक्षणात झालेला नव्हता. उणीव एका विशिष्ट तासाची होती, तासांच्या ढिगाची नव्हती. आक्षेपातला अर्धा भाग मात्र खरा आहे. वारा, उष्णता, एकटेपण, नकाशातली वाट चुकल्यावर पोटात पडणारा गोळा, हे खोलीत मिळत नाही. म्हणून परवान्यासाठी 100 तास एकट्याच्या जबाबदारीने उडण्याची अट आहे आणि ती राहिली पाहिजे. आकाशातल्या शिक्षणाची किंमतही आपल्या भागाने मोजली आहे. जुलै 2021मध्ये शिरपूरहून निघालेले शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. शिकवणारा वैमानिक मेला, शिकणारी तरुणी जखमी झाली. आकाशातला तास इतका महाग असेल तर जे जमिनीवर शिकता येते ते जमिनीवरच शिकवणे हे कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप बाजारावर श्रद्धा असणाऱ्यांचा. अपघात कोणत्याच कंपनीला परवडत नाही, मग चांगले शिक्षण ती आपणहून विकत घेईलच, सरकारी शिक्क्याचे एवढे काय? या म्हणण्याला उत्तर बोइंगच्या 737 मॅक्सने देऊन ठेवले आहे. जुन्या 737च्या वैमानिकाला हे नवे विमान उडवण्यासाठी सिम्युलेटरची गरज नाही, हाच त्याच्या विक्रीचा मोठा मुद्दा होता. साउथवेस्ट कंपनीला तर लेखी वचन होते की नियामकाने सिम्युलेटर सक्तीचे केले तर प्रत्येक विमानामागे 10 लाख डॉलर परत मिळतील. जी यंत्रणा नाक आपोआप खाली दाबत होती तिची ओळखही वैमानिकांना नीट करून दिलेली नव्हती. ऑक्टोबर 2018 आणि मार्च 2019 अशा दोन अपघातांत 346 माणसे गेली. 2020मध्ये विमान पुन्हा उडू लागले तेव्हा सिम्युलेटर सक्तीचा झाला. बाजाराने त्या तासाची किंमत काढली होती, अगदी डॉलरमध्ये, आणि तो टाळणे किफायतशीर ठरवले होते. नियामकाने तो मागितला नाही तोवर कोणी विकत घेतला नाही.

शिक्का जितका मोलाचा, तितकी खोट्या नाण्याची लालूच मोठी. 2011मध्ये आपल्याकडे बनावट गुणपत्रिकांवर मिळवलेले परवाने उघड झाले आणि न उडता लॉगबुकात भरलेल्या तासांची प्रकरणेही पुढे आली. लॉगबुक ही सहीची वही आहे. सही विकत मिळाली की आकाश पाहावे लागत नाही. सिम्युलेटरवर खोटेपणा अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. पण तिथे यंत्र तपासता येते, प्रत्येक हालचालीची नोंद राहते. 2022च्या एप्रिलमध्ये विमान वाहतूक महासंचालनालयाने एका कंपनीच्या 90 वैमानिकांना मॅक्स विमान उडवण्यापासून थांबवले. कारण असे की त्यांचे शिक्षण ज्या सिम्युलेटरवर झाले त्यातला को-पायलटच्या बाजूचा दांडा थरथरवून इशारा देणारा भाग चालत नव्हता. तास भरले होते, पैसे दिले होते, सह्या झाल्या होत्या. तपासणाऱ्याने घासून पाहिले आणि नाणे परत केले. हा या व्यवसायाच्या भारतीय इतिहासातला मला सर्वांत आश्वासक प्रसंग वाटतो, आणि त्याची वर्तमानपत्रांत झालेली चर्चा मात्र प्रवाशांच्या गैरसोयीपुरती राहिली.

आता पुन्हा आपल्या रस्त्यावर येऊ. 1953च्या राष्ट्रीयीकरणानंतर चाळीस वर्षे प्रशिक्षित वैमानिकाला मुख्य गिऱ्हाइके दोनच होती, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स. इंडियन एअरलाइन्सने हैदराबादला आपले मध्यवर्ती प्रशिक्षण केंद्र उभारले. निवडलेल्या वैमानिकाला विशिष्ट विमानाचे शिक्षण कंपनी स्वतःच्या खर्चाने देई. या व्यवस्थेतून सौदामिनी देशमुख यांच्यासारख्या वैमानिक पुढे आल्या, ज्यांनी 1985मध्ये देशातल्या केवळ स्त्री-वैमानिक असलेल्या पहिल्या प्रवासी उड्डाणाचे नेतृत्व केले. 2003नंतर स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्या, वैमानिक अपुरे पडू लागले आणि शाळांचे पीक आले. मुंबईच्या आकाशात शिकाऊ विमानांना जागा उरली नव्हती, म्हणून बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही उडणे शिकवायला धुळे गाठले. बारामती, शिरपूर, गोंदियाजवळचे बिरसी, अशा धावपट्ट्या जाग्या झाल्या. बिरसीला तर सीएईने विमानतळ प्राधिकरणाशी भागीदारी करून संस्था काढली. चांदवड-मालेगाव-धुळे या पट्ट्याने पावसाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांना पाणी आणले. शिकाऊ वैमानिकाला मात्र हेच कोरडे, मोकळे, विमानांची गर्दी नसलेले आभाळ हवे असते.

पण या शाळांतून मिळतो तो व्यवसायाचा पहिला, कमी भावाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा, म्हणजे एअरबस किंवा बोइंगवर बसण्याआधीचे त्या विशिष्ट विमानाचे शिक्षण (टाइप रेटिंग) आणि पुढे नोकरीभर वर्षातून दोनदा येणारी तपासणी, हा महानगरांच्या सिम्युलेटरवर होतो. यात कटकारस्थान नाही. कोट्यवधींचे यंत्र दिवसरात्र चालले तरच परवडते, आणि दिवसरात्र वैमानिक मिळतात ते मोठ्या विमानतळाशेजारी. 2024मध्ये ही वाटणी अगदी स्वच्छ दिसली. एअर इंडियाने अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला वर्षाला 180 वैमानिक घडवणारी शाळा जाहीर केली, 34 छोट्या विमानांची. त्याच वर्षी एअरबसबरोबर 10 सिम्युलेटरचे केंद्र जाहीर केले ते गुरुग्रामला.

भूगोलापेक्षा मला जास्त सलतो तो खर्चाचा उलटलेला प्रवाह. पूर्वी सिम्युलेटरचा तास कंपनी विकत घेई. आता बहुतेक ठिकाणी तो उमेदवार विकत घेतो. कंपन्यांच्या कॅडेट योजनांचा खर्च कोटीच्या घरात जातो आणि तो कर्ज काढून, जमीन गहाण टाकून भरला जातो. परवाना हाती आला आणि विमान कंपन्यांना उतरती कळा लागली, असे 2008नंतर झाले, 2012ला किंगफिशर बंद पडल्यावर झाले, 2019ला जेट एअरवेजनंतर झाले. प्रत्येक वेळी बिनकामाचा परवाना खिशात घेऊन बसलेली तरुण मुले उरली, आणि परवान्यावरचे रेटिंग टिकवायला पुन्हा सिम्युलेटरचे पैसे त्यांनीच भरायचे. ज्या तासाची सक्ती प्रवाशांच्या जिवासाठी आहे त्याचा बोजा एकट्या शिकणाऱ्यावर का, असे विचारले की उत्तर मिळते, नंतर पगार मोठा असतो. पण पगार नोकरी लागलेल्याला असतो आणि कर्ज सगळ्यांना. महाराष्ट्रातल्या छोट्या धावपट्ट्या शाळांना मिळतात त्या सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर. ती जमीन देताना विमानांची संख्या आणि भाडे यांच्याबरोबर एवढी अट घालता येईल की ठरावीक मुलांचे टाइप रेटिंगपर्यंतचे शिक्षण, सिम्युलेटरच्या तासांसकट, संस्थेने किंवा तिच्यामागच्या कंपनीने उचलावे. 1928मध्ये जुहूच्या क्लबाला पैसे देताना परक्या सरकारलाही वैमानिक तयार होणे ही आपली गरज वाटली होती.